‘नैसर्गिक’ बेकारी कुणाच्या बापाची?

गोदीच्या गेटावर सकाळी सहाला आम्ही चाळीसजण उभे असतो. टोळीला चौदा लागतात. मुकादम बोट दाखवील तो आत, उरलेले बाहेर. ज्या दिवशी दोन बोटी एकदम लागतात आणि माणूस कमी पडतो, त्या दिवशी हाच मुकादम खांद्यावर हात ठेवून “ये ना भाऊ” म्हणतो, पन्नास रुपये वर चढवतो. बोट नसली की “ए, सरक मागं.” एवढं अर्थशास्त्र मला मॅट्रिकच्या पुस्तकाने नाही, गेटाने शिकवलं.

हीच गोष्ट बिल फिलिप्स नावाच्या माणसाने लंडनमध्ये १९५८ साली आकड्यांनी मांडली आणि जगाच्या अर्थशास्त्रात त्याचं नाव झालं. त्याच्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. न्यूझीलंडच्या गोठेवाल्या शेतकऱ्याचा हा पोरगा. विजेची कामं शिकला, ऑस्ट्रेलियात मगरी मारल्या, दुसऱ्या महायुद्धात जावा बेटावर जपान्यांच्या कैदेत राहिला. मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आला. तीच संस्था, जिथून १९२३ साली बाबासाहेबांनी डी.एस्सी. घेतली. तिथे १९४९ साली फिलिप्सने पाण्याचं एक यंत्र दाखवलं. पारदर्शक टाक्या, नळ्या, रंगीत पाणी. देशातला पैसा कुठून निघतो, कुठे मुरतो, ते डोळ्यांना दिसावं म्हणून.

ते पाणी केन्सच्या विचाराचं होतं. केन्सने १९३६ साली सांगितलं की बेकार माणूस आळशी असतो म्हणून बेकार नसतो. मालाला गिऱ्हाईक नाही म्हणून कारखाना बंद, कारखाना बंद म्हणून मजुराच्या खिशात पैसा नाही, आणि त्याच्या खिशात पैसा नाही म्हणून मालाला गिऱ्हाईक नाही. हा फेरा सरकारने खर्च करून फोडावा. आपल्याला कामचुकार म्हणणाऱ्या पांढरपेशांनी निदान एवढं तरी वाचायला हवं होतं.

फिलिप्सने ब्रिटनचे १८६१ ते १९५७ चे आकडे मांडले. बेकारी कमी तेव्हा मजुरी भराभर वाढते, बेकारी जास्त तेव्हा मजुरी थंड पडते. उत्पादकता वर्षाला २ टक्के वाढत असेल तर शंभरात अडीचहून थोडे कमी बेकार असताना भाव स्थिर राहतील, असा त्याचा अंदाज होता. मजुरीच वाढू द्यायची नसेल तर साडेपाच. म्हणजे गेटाबाहेर किती उभे ठेवायचे याचा हिशेब. कोण उभे राहणार, हे त्या वक्ररेषेत नाही.

मग १९६७ च्या डिसेंबरात अमेरिकेत मिल्टन फ्रीडमन बोलला. बेकारीचा एक ‘नैसर्गिक’ दर असतो. सरकारने पैसा ओतून बेकारी त्याच्या खाली दाबून ठेवली तर महागाई चढतच जाईल. १९७३ नंतर तेल भडकलं, महागाई आणि बेकारी दोन्ही एकदम वाढल्या, फिलिप्सची रेषा मोडली आणि फ्रीडमन खरा ठरला असं सगळीकडे झालं. ‘नैसर्गिक’ म्हणजे कधीच न बदलणारा नव्हे, असं फ्रीडमनने स्वतःच लिहून ठेवलं होतं. पण ते वाक्य कोण वाचतो! शब्द तेवढा राहिला.

दोस्तहो, हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. गावाबाहेर वस्ती? नैसर्गिक. मेलेलं ढोर ओढायचं ते आपणच? नैसर्गिक. माणसांनी केलेली वाटणी निसर्गाच्या नावावर चढवली की वाटणी करणारा मोकळा सुटतो.

अमेरिकेत काय झालं बघा. १९७८ साली हॉकिन्स या काळ्या खासदाराच्या आणि कोरेटा किंगसारख्यांच्या रेट्याने पूर्ण रोजगाराचा कायदा झाला: १९८३ पर्यंत बेकारी ४ टक्क्यांवर आणायची. १९७९ साली पॉल व्होल्कर तिथल्या मध्यवर्ती बँकेवर आला. महागाई पुढच्या वर्षी १४ टक्क्यांच्या वर गेली. त्याने व्याजाचे दर १९८१ साली १९-२० टक्क्यांपर्यंत चढू दिले. कर्ज महाग, बांधकामं थांबली, पोलादाचे आणि मोटारींचे कारखाने बसले. महागाई उतरली, खोटं कशाला बोलू. पण १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्के झाली. गोऱ्यांमध्ये शंभरात नऊ-दहा बेकार. काळ्यांमध्ये १९८३ च्या जानेवारीत एकवीस. कायद्याचं साल उजाडलं ते असं. ज्यांच्याकडून आपण ‘पँथर’ हा शब्द घेतला, महागाईचं बिल त्यांच्याच वस्तीत दुपटीने फाडलं गेलं.

का? ते मिहाउ कालेत्स्की या पोलिश माणसाने १९४३ सालीच सांगितलं होतं. त्याच्याकडे अर्थशास्त्राची पदवी नव्हती. त्याचं म्हणणं असं की सरकारला सगळ्यांना काम देणं जमेल, पण मालकांना ते खपणार नाही. कारण कायमचं काम मिळायला लागलं की ‘काढून टाकीन’ या धमकीतला दम जातो. आमच्या मुकादमाला कालेत्स्की माहीत नाही. पण बाहेर सव्वीसजण उभे आहेत म्हणूनच आतले चौदा गप फाळक्यात उतरतात, हे त्याला पक्कं माहीत आहे. आणि त्या सव्वीसांत कोण? मुकादम आधी आपल्या गावचा उचलतो, मग आपल्या जातीचा. आडनाव ऐकून बोट पुढे सरकतं. माझ्यावरून ते अनेकदा सरकलं आहे.

आता कुणी म्हणेल, मग काय महागाई मोकाट सोडायची? नाही. आई डाळीत पाणी वाढवते तेव्हा मला महागाई कळते. बाबासाहेबांनी १९२३ च्या ‘रुपयाचा प्रश्न’ या प्रबंधात केन्सशी वाद घातला, तो याच जागेवरून. रुपया घसरला की निर्यात करणाऱ्याचं भलं होतं, पण भाव पुढे धावतात आणि मजुरी मागे रेंगाळते. तो नफा मजुराच्या ताटातून गेलेला असतो. म्हणजे भाव वाढले तरी आपलंच ताट, भाव उतरवायचे तरी आपलाच रोजगार! माझं भांडण या दोन्हीशी आहे.

आणि दुसरा रस्ता नाही असं सांगू नका. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेत महागाई ९ टक्क्यांवर गेली. लॅरी समर्स या बड्या अर्थशास्त्रज्ञाने हिशेब दिला: पाच वर्षं ५ टक्क्यांहून जास्त बेकारी, नाहीतर एक वर्ष १० टक्के. व्याज वाढवलंच. पण अडकलेला माल पुन्हा वाहू लागला, तेल उतरलं, आणि वर्षभरात महागाई ३ टक्क्यांच्या आसपास आली. बेकारी ४ च्या खालीच राहिली. २०२३ च्या एप्रिलमध्ये काळ्यांची बेकारी ५ टक्क्यांच्या खाली, नोंदी सुरू झाल्यापासून सर्वात कमी. कुठे गेला तो निसर्ग?

आपल्याकडे २०१६ साली रिझर्व्ह बँकेचा कायदा बदलून महागाईचं लक्ष्य ठरवलं: ४ टक्के, वर-खाली २. बेकारीचं लक्ष्य कुणी ठरवलं नाही. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, पण ती हमी खेड्यापुरती. शहरातल्या गेटावर हमी नाही, मुकादम आहे.

म्हणून मागणी सरळ आहे. महागाईच्या आकड्याशेजारी बेकारीचा आकडा लिहा, आणि तो जातवार लिहा. शहरातही कामाची हमी द्या. त्याशिवाय व्याज वाढवणाऱ्याने देशहिताची भाषा आम्हाला शिकवू नये.

ज्या पंडिताला हे पटत नसेल त्याने उद्या सकाळी सहाला गेटावर यावं. चाळिसात उभं राहावं, आडनाव सांगावं. मग बोलू.