कापड तपासा, अंग मोजू नका

उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली की घराघरांत मोबाइलवर हॉटेलांची तुलना सुरू होते. पार्क किती लांब, नाश्ता धरून दर किती, मुलांचे वेगळे पैसे लागतात का, आणि स्विमिंग पूल आहे का. ज्यांची लेकरं अमेरिकेत नोकरीला आहेत, ते ऑर्लँडोचे दर बघतात. बाकीचे खोपोली-लोणावळ्याचे. या सगळ्या तुलनेत एक रकाना रिकामाच राहतो: त्या तलावात कुणाला उतरू देतात, आणि कशावरून ठरवतात? मला विचाराल तर भरायला हवा तो हाच रकाना.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. पोहण्याच्या तलावावरचे नियम दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार पाण्याची, यंत्राची आणि जिवाची काळजी घेतो. दुसरा प्रकार माणसं बाजूला काढतो. दुसऱ्या प्रकाराला स्वतःचं खरं नाव सांगायची लाज वाटते, म्हणून तो नेहमी पहिल्याचा गणवेश घालून येतो. नियम कुठल्या प्रकारचा आहे हे ओळखायचं असेल, तर एकच प्रश्न विचारायचा: यातून कोणतं नुकसान टळतं?

ऑर्लँडोपासून सुरुवात करू. तिथे डिस्नीची दोन डझनांहून जास्त हॉटेलं आहेत आणि नियम कडक आहे. ज्या हॉटेलात उतरलात, त्याच हॉटेलाचा तलाव तुमचा. शेजारच्या हॉटेलात जाऊन डुंबायचं नाही. पोर्ट ऑर्लिन्सच्या दोन हॉटेलांसारखे मोजके अपवाद सोडले, तर ही भिंत पक्की आहे. यॉट क्लब आणि बीच क्लब या महागड्या जोडहॉटेलांत वाळूच्या तळाचा स्टॉर्मअलाँग बे नावाचा मोठा तलाव आहे. तिथे तर मनगटावर पट्टा बांधल्याशिवाय आत सोडत नाहीत. जवळच्याच युनिव्हर्सलनं वर्षानुवर्षं उलटी रीत ठेवली. त्यांच्या एका हॉटेलातला पाहुणा दुसऱ्या हॉटेलाच्या तलावात जाऊ शकायचा, मग त्याची खोली स्वस्तातली का असेना. पॅरिसच्या डिस्नीलँडमध्ये तिसराच प्रकार आहे. तिथल्या शायेन आणि सांता फे या कमी दराच्या हॉटेलांत तलावच नाही.

हे सगळे पैशाचे नियम आहेत. मला ते फारसे आवडत नाहीत, पण त्यांत लपवाछपवी नाही. जागा इतकी, माणसं इतकी, ज्यानं पैसे भरले त्याला पाणी. पट्टा बघणारा माणूस तुमचं आडनाव विचारत नाही.

डिस्नीच्या ऑर्लँडोतल्या वॉटर पार्कमध्ये कपड्यांचाही नियम आहे: रिव्हेट, बक्कल किंवा उघडा धातू असलेला पोहण्याचा पोशाख चालणार नाही. का, ते मुलालाही कळतं. धातूनं घसरगुंडी खरवडते, मागून येणाऱ्याला लागतं. नुकसान स्पष्ट आहे, म्हणून नियमही स्पष्ट आहे. अंग किती झाकलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

पण याच फ्लोरिडात, ऑर्लँडोपासून दोनशे किलोमीटरांच्या आत, सेंट ऑगस्टीन नावाचं गाव आहे. 18 जून 1964 रोजी तिथल्या मॉन्सन मोटर लॉजच्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या तलावात काळ्या आणि गोऱ्या आंदोलकांनी एकत्र उड्या मारल्या. तेव्हा हॉटेलच्या व्यवस्थापकानं तलावात आम्ल ओतलं. साफसफाईचं आम्ल! ते फोटो जगभर गेले. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सिनेटनं नागरी हक्क विधेयक मंजूर केलं आणि 2 जुलैला त्याचा कायदा झाला. तरी पाण्याचा प्रश्न मिटला नाही. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरानं काळ्यांना आत घेण्यापेक्षा आपले सार्वजनिक तलावच बंद केले, आणि 1971 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडात डिस्नी वर्ल्डचं दार उघडलं. हॉटेलचा तलाव म्हणजे नुसती मौजमजा, असं ज्यांना वाटतं, त्यांनी या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नसावी. 20 मार्च 1927 ला महाडमध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हाही विटाळाची, म्हणजे शुद्धतेचीच भाषा वापरली गेली होती. म्हणून तर आपल्या राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांची नावं एकाच दमात येतात. घटना लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की आपल्या देशात माणसाला माणूस म्हणून नाकारायची जागा म्हणजे पाणवठा.

आता कपड्यांकडे येऊ. पोहण्याच्या तलावात सुती कपडे नकोत, हा नियम मला शंभर टक्के मान्य आहे. सुताचे तंतू सुटतात, गाळणीत अडकतात, रंग जातो, भिजलेलं कापड जड होऊन अंगाला ओढतं. सुती बुरखा किंवा सलवार-कमीज घालून घसरगुंडीवर जाऊ द्या म्हणून भांडणाऱ्या आपल्या लोकांना मी साफ सांगते: तो हट्ट चूक आहे. तिथे मजहब मध्ये आणू नका.

पण बुर्किनी सुती नसते. लेबनॉनमध्ये जन्मलेल्या ऑस्ट्रेलियन बाई अहेदा झनेट्टी यांनी 2004 च्या सुमारास ती तयार केली, ती पोहण्यासाठीच. कापड पोहण्याच्या इतर पोशाखांसारखंच, फक्त जास्त लागतं. मग तिला नाही म्हणायचं कारण काय?

फ्रान्सनं 2016 मध्ये त्याचं उत्तर नकळत देऊन टाकलं. सुमारे तीस किनारी गावांनी बुर्किनीवर बंदी घातली, तीही समुद्रकिनाऱ्यावर. समुद्राला कुठली गाळणी असते हो? 26 ऑगस्टला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं त्यांतल्या एका गावाची बंदी थांबवली. त्याच न्यायालयानं 2022 मध्ये ग्रेनोबल शहरानं आपल्या तलावांत दिलेली सूट मात्र अडवली. ती एका धार्मिक मागणीसाठी केलेली सवलत आहे आणि त्यामुळे सगळ्यांना सारखी वागणूक राहत नाही, असं म्हणाले. जर्मनीत कोब्लेन्झ शहराची बंदी 2019 मध्ये वरच्या न्यायालयानं रोखली, कारण तिथे खेळाडूंना सरावासाठी अंगभर निओप्रिनचे सूट चालत होते. खेळाडूचं झाकलेलं अंग स्वच्छ आणि आमच्या मुलीचं अस्वच्छ, हे त्या न्यायाधीशांना पटलं नाही.

2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्येही कितीतरी जलतरणपटू अंगभर पोशाख घालून उतरले आणि विक्रमांची रांग लागली. 2010 पासून ते पोशाख स्पर्धांत बंद झाले, पण कुणी मागासलेलं दिसतं म्हणून नव्हे. त्यांनी वेग जास्त मिळतो म्हणून!

आपल्याकडे असे दावे कोर्टात जात नाहीत. ते फाटकावरच निकालात निघतात. मागच्या मे महिन्यात लोणावळ्याच्या बाजूच्या एका रिसॉर्टवर आम्ही अकरा जण गेलो होतो. पाटीवर लिहिलं होतं: फक्त नायलॉन किंवा लायक्रा. माझी चौदा वर्षांची भाची लायक्राची बुर्किनी घालून आली, तर फाटकावरच्या मुलानं हात आडवा केला. मी त्याला आतलं लेबल उलटून दाखवलं. तो बिचारा अवघडला आणि खरं बोलून गेला, “मॅडम, कपडा बरोबर आहे, पण बाकीचे गेस्ट ऑब्जेक्शन घेतात.” त्याच वेळी तलावात दोन मुलं जीन्सच्या हाफपँटवर उड्या मारत होती. त्यांच्यावर कुणाचा आक्षेप नव्हता. त्यांचं कापड चुकीचं होतं, पण अंग ओळखीचं होतं. भाचीनं मला विचारलं, “खाला, मग पाटीवर तसंच का नाही लिहीत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण घेतले होते.

आता थोडं घरात बघू. अशा सहलीत आपल्या बायका काय करतात? छत्रीखाली बसून पिशव्या, चपला आणि मोबाइल सांभाळतात. त्यांना रिसॉर्टवाल्यानं नंतर अडवलं. आधी घरातच अडवलेलं असतं. “लोक बघतील” म्हणणारे मामू-चाचू स्वतः मांडीपर्यंतच्या चड्डीत पाण्यात असतात. पुरुषांनाही बेंबीपासून गुडघ्यापर्यंत झाकायला सांगितलंय, हे तेव्हा कुणालाच आठवत नाही. हयेचा सगळा भार मुलींवर आणि पाण्याची सगळी मजा मुलांना, ही कुठली वाटणी? खाडीकाठच्या आपल्या गावांत पिढ्या गेल्या, पोरं खाडीत पोहून मोठी झाली आणि पोरी काठावर भांडी घासत राहिल्या. पोहायला येणं ही चैन नाही. होडी उलटली तर पाणी आधी मुलगा की मुलगी, असं विचारत नाही.

आणि मी बुर्किनीचा प्रचार करत नाही. जिला साधा पोहण्याचा पोशाख घालायचाय, तिनं तो घालावा. एखाद्या ठिकाणी अंग कमी झाकलंय म्हणून बाईला पाण्याबाहेर काढत असतील, तर तोही त्याच जातीचा नियम आहे आणि त्यालाही माझा तेवढाच विरोध आहे. बाईचं अंग किती दिसावं हे मोजायची पट्टी मौलवीच्या हातात नको आणि मॅनेजरच्याही.

मग पाटीवर काय असावं? चार ओळी पुरतात. पोहण्याच्या कापडाचाच पोशाख हवा. तो रस्त्यावरून घालून आलेला नको. धातू, पिना, सैल लोंबणारे पदर नकोत. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्या. या चार ओळी सगळ्यांना लागू, हाफपँटवाल्या पोरांनाही. बाकी जे काही आहे, ते लिहायची हिंमत नसेल तर अमलात आणायचीही नको.

तुम्ही कुणीही असा, मुसलमान असा वा नसा, या सुट्टीत आगाऊ पैसे भरण्याआधी हॉटेलला एक प्रश्न लेखी विचारा: पोहण्याच्या कापडाचा अंगभर पोशाख चालतो का? उत्तरही लेखीच मागा. “चालतो” म्हणाले तर ते फाटकावर दाखवता येईल. “नाही” म्हणाले तर कारण विचारा. आणि कारण “बाकीचे गेस्ट” असेल, तर त्या बाकीच्या गेस्टांत आपली गणती करू नका, असं त्यांना कळवा. फाटकावरच्या पोराला नव्हे, मालकाला. त्याचा हिशेब पैशांत चालतो, आणि पैसे आपणही तितकेच भरतो.