सुटा भाग की जोडी?

इंजिन उघडून त्याची पुनर्बांधणी करावयाची ठरली, की गाडीचा मालक व मिस्त्री यांच्यापुढे सुट्या भागांची लांबलचक यादी येते. खर्चाचा आकडा पाहून मालक त्या यादीला काट मारू लागतो आणि पुष्कळदा ही काट टॅपेटवर बसते. ‘कॅमशाफ्ट झिजला आहे, तो नवा घालू, टॅपेट दिसावयास ठीक आहेत, ते राहू द्या,’ असे ठरते. आमच्या मते ही काटकसर नव्हे. नव्या कॅमशाफ्टसाठी मोजलेले पैसेही पाण्यात घालण्याचा तो मार्ग आहे.

कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सीमुळे सर्वपरिचित झालेल्या अँबॅसडर गाडीचे उदाहरण घेऊ. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील १,४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन तिच्यात दीर्घकाळ बसविले जात असे. या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ठोकळ्यात असतो. त्याचा प्रत्येक उंचवटा एका टॅपेटला वर ढकलतो आणि टॅपेट दांड्याच्या द्वारे झडप उघडतो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. म्हणजे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असता प्रत्येक टॅपेट सेकंदाला २५ वेळा, तासाला ९०,००० वेळा उचलला जातो. एवढा भार झडपेच्या स्प्रिंगच्या दाबाखाली अगदी अरुंद पट्टीवर पेलावयाचा असतो.

येथेच खरी मेख आहे. ज्यास आपण सपाट टॅपेट म्हणतो, त्याचा तळ सामान्यतः पूर्ण सपाट नसतो. तो अत्यल्प फुगीर असतो. कॅमचा माथा किंचित उतरता असतो. या योजनेमुळे टॅपेट वरखाली होताना स्वतःभोवती फिरतही राहतो व झीज एका जागी साचत नाही. कालांतराने हा फुगीरपणा नाहीसा होऊन तळ सपाट, क्वचित खोलगटही होतो. असा टॅपेट नव्या कॅमवर बसविला, तर तो नीट फिरत नाही. भार एका कडेवर येतो आणि कॅमचा कठीण केलेला पातळ थर निघून जातो. त्यानंतर झीज झपाट्याने वाढते. झडप पुरेशी उघडत नाही, शक्ती घटते आणि लोखंडाचा कीस तेलाबरोबर बेअरिंगांपर्यंत जातो. ज्याची रोजची मिळकत गाडीच्या चाकांवर चालते, त्याला इंजिन पुन्हा उघडावे लागते आणि तितक्या दिवसांची कमाई बुडते.

कोणी म्हणेल, आपल्या देशात वस्तू दुरुस्त करून पुनःपुन्हा वापरणे हा सद्गुणच आहे. तो आहेच. परंतु जात्याला टाकी लावताना केवळ वरच्या पाळीला टाकी लावून खालची तशीच ठेवीत नाहीत. क्रँकशाफ्ट घासून घेतला, तरी त्याला बेअरिंग नवे लागतेच. नवा कॅमशाफ्ट मिळत नसेल, तर जुना चांगल्या कारखान्यात पुन्हा घासून घ्यावा. मात्र त्याबरोबर टॅपेटही नवे किंवा नीट तळ घासलेले असावेत. दोन्ही भाग निर्दोष असतील, तर तेच पुन्हा वापरण्यास हरकत नाही; पण प्रत्येक टॅपेटवर क्रमांक घालून तो आपापल्या उंचवट्यावरच गेला पाहिजे. रोलर असलेल्या टॅपेटांची गोष्ट वेगळी. तेथे हा नियम इतका कडक नाही.

‘दिसावयास ठीक’ ही कसोटी नव्हे. टॅपेटच्या तळावर सरळ पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहावे. कडांपाशी उजेड दिसला तर फुगीरपणा शिल्लक आहे. मध्ये दिसला तर तो टॅपेट टाकून द्यावा. नवी जोडी बसविताना मॉलिब्डेनमयुक्त मलम लावावे. इंजिन सुरू होताच ते मंद न ठेवता सुमारे २,००० ते २,५०० फेऱ्यांवर २० ते ३० मिनिटे चालवावे, कारण कॅमवर तेल मुख्यतः क्रँकशाफ्टच्या फेकीने पोहोचते. नंतर तेल बदलावे. आधुनिक गाड्यांच्या तेलात जस्त व फॉस्फरसयुक्त झीजरोधक द्रव्य कमी केलेले असते, कारण त्यातील फॉस्फरसने धुराड्यातील उत्प्रेरक निकामी होतो. जुन्या इंजिनास योग्य ते तेल पाहूनच घ्यावे.

‘सुटा भाग’ हा आपला रूढ शब्द दुकानापुरता खरा आहे. इंजिनात मात्र कॅम व टॅपेट ही जोडी आहे. यादीतही ती दोन ओळींत न लिहिता एकाच ओळीत लिहावी, अशी आमची मिस्त्रीवर्गास व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या शिक्षकांस सूचना आहे. दात कोरून पोट भरत नाही, हे मालकास समजावून सांगणे हाही कारागिराच्या कसबाचाच एक भाग होय.