हजार वर्षांची बिअर आणि नव्वद वर्षांचे सत्य

थ्रेड. विषय : बेल्जियमच्या मठांतील कडक एल, तिच्याभोवतीची दंतकथा, आणि या दंतकथेचा पिंपरी-चिंचवडशी असलेला संबंध. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात बिअरच्या आस्वादाची नवी हौस रुजली आहे. या हौसेबरोबर एक वाक्यही रुजले आहे : "ही बिअर मठातले संन्यासी हजार वर्षांपासून अशीच बनवत आले आहेत." ट्रॅपिस्ट बाटली उघडली की ते वाक्य हमखास येते, समोरचे आदराने मान डोलावतात, आणि पेल्यातले पेय जणू तीर्थ होते. वाक्य ऐकायला सुरेख आहे. इतिहास म्हणून ते टिकत नाही.

आधी जेवढे खरे आहे तेवढे मान्य करावे. मध्ययुगीन युरोपातील मठ बिअर गाळत असत, यात शंका नाही. नवव्या शतकातील सेंट गॉल मठाच्या प्रसिद्ध आराखड्यात बिअरच्या भट्ट्या स्पष्ट दाखवल्या आहेत. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत संन्याशाने स्वतःच्या श्रमावर जगावे असा दंडक आहे, आणि रोजच्या मद्याचे मापही ठरवून दिलेले आहे. पण या सर्वांतून आजच्या बाटलीपर्यंत अखंड धागा येतो असे म्हणणे म्हणजे मधल्या दोन शतकांचा इतिहास खोडून टाकणे होय.

तो धागा तुटला कुठे? सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८० च्या दशकात 'निरुपयोगी' ठरवलेले मठ बंद केले. १७९३ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी ओर्व्हालचा मठ जाळला. १७९५ मध्ये हा प्रदेश फ्रान्सला जोडला गेला आणि पुढच्याच वर्षी उरलेसुरले मठ विसर्जित झाले. जमिनी लिलावात गेल्या, इमारतींचे दगड लोकांनी घरांसाठी नेले, भट्ट्यांतले तांबे विकले गेले. ज्या परंपरेला हजार वर्षांचे म्हणतात तिच्याजवळ त्या क्षणी ना इमारत होती, ना भांडे, ना माणूस.

आजचे प्रसिद्ध मठ त्यानंतरचे आहेत. वेस्टमाले येथे पहिली बिअर १८३६ मध्ये संन्याशांच्या पंगतीत आली. वेस्टफ्लेटेरेनचा मठ १८३१ चा, म्हणजे बेल्जियम स्वतंत्र झाल्यानंतर वर्षभराचा. तिथली भट्टी त्याच दशकाच्या अखेरची. शिमेची बिअर १८६२ ची, रोशफोरची आजची भट्टी १८९९ ची. ओर्व्हाल तर १९२६ मध्ये नव्याने वसले आणि बांधकामाला पैसा हवा म्हणून १९३१ मध्ये तिथे भट्टी घातली गेली. तिचा पहिला ब्रूमास्टर पापेनहायमर नावाचा जर्मन गृहस्थ होता. संन्यासी नव्हे, पगारी तंत्रज्ञ!

महाराष्ट्राच्या कालगणनेत हे बसवून पाहावे. पुण्यात जोतीराव फुले यांनी मुलींची पहिली शाळा काढली १८४८ मध्ये. म्हणजे शिमे आणि रोशफोर या 'प्राचीन' बिअर त्या शाळेहून तरुण आहेत.

आता 'कडक' या गुणाकडे येऊ, कारण कौतुक त्याचेच होते. वेस्टमाले ट्रिपेलमध्ये मद्यार्क ९.५ टक्के असतो, वेस्टफ्लेटेरेन १२ मध्ये दहाच्या वर, रोशफोर १० मध्ये ११.३. हा कडकपणा संन्याशांनी ध्यानधारणेतून शोधला अशी समजूत आहे. त्यामागे एका समाजवादी मंत्र्याचा हात होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

एमिल व्हान्डरव्हेल्ड हे बेल्जियन मजूर पक्षाचे नेते. पहिल्या महायुद्धानंतर ते कायदामंत्री झाले आणि १९१९ मध्ये त्यांनी एक कायदा आणला : सार्वजनिक पानगृहांत जिनसारखी गाळीव दारू विकायची नाही; दुकानातून घ्यायची तर एका वेळी किमान दोन लिटर घ्यायची. गिरण्या-खाणींतल्या कामगाराला दोन लिटरची किंमत एकदम परवडू नये, हा हेतू उघड होता. कामगाराची तहान मात्र कायद्याने आटली नाही. पानगृहात चालेल आणि तरी अंगात ऊब आणेल असे पेय हवे होते. कडक बिअरने ती जागा घेतली. हा कायदा १९८३ पर्यंत टिकला. ज्या पेयाला आज धर्माचा सुवास लावला जातो, त्याच्या भरभराटीला दारूबंदीवाद्याने असा हातभार लावला आहे.

महायुद्धाचे आणखी एक देणे होते. जर्मन फौजांनी व्यापलेल्या प्रदेशातील भट्ट्यांचे तांबे युद्धसाहित्यासाठी काढून नेले. आखेलची भट्टी १९१७ मध्ये अशीच उखडली गेली आणि तिथे पुन्हा बिअर व्हायला १९९८ उजाडले. बहुतेकांना युद्धानंतर नवी भांडी घ्यावी लागली, आणि नवी भांडी घेणारा माणूस बाजार पाहूनच घेतो.

ट्रिपेलचा जन्म त्या बाजारातलाच. फिकट सोनेरी पिल्सनरने युरोप जिंकत आणला होता. गडद, गढूळ बिअर जुनाट वाटू लागली होती. त्यावरचे उत्तर म्हणून हेन्ड्रिक व्हर्लिन्डेन या खाजगी ब्रुअरने फिकट पण कडक एल बाजारात आणली, आणि वेस्टमालेच्या संन्याशांनी १९३४ मध्ये आपली ट्रिपेल काढली. 'हजार वर्षांच्या' परंपरेचे हे शिखर 'प्रभात' चित्रसंस्था पुण्यात आली त्याच सुमाराचे आहे.

आणि शिमे ब्लू? १९४८ मध्ये शिमेच्या फादर थिओडोर यांनी लूव्हें विद्यापीठाचे शास्त्रज्ञ जाँ द क्लेर्क यांच्या मदतीने मठाचे यीस्ट प्रयोगशाळेत वेगळे काढले. मिसळलेल्या जिवाणूंतून एक शुद्ध वाण निवडून तो जोपासला. आजची शिमेची चव त्या निवडीतून आली. सूक्ष्मदर्शकाखाली वाकलेला संन्यासी हे चित्र मेणबत्तीच्या उजेडात ढवळणाऱ्या संन्याशाच्या चित्राहून कितीतरी अधिक रोमांचक आहे. पण लेबलावर ते कोणी छापत नाही.

'ट्रॅपिस्ट' हा शब्ददेखील न्यायालयातून आला आहे. १९६२ मध्ये गेंटच्या व्यापारी न्यायालयाने ट्रॅपिस्ट नावाला संरक्षण दिले. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय ट्रॅपिस्ट संघटना स्थापन झाली आणि षटकोनी शिक्का आला. अटी सरळ आहेत : उत्पादन मठाच्या आवारात व्हावे, देखरेख संन्याशांची असावी, पैसा मठाचा निर्वाह आणि दानधर्म यांसाठी जावा. २०२१ मध्ये आखेलला तो शिक्का गमवावा लागला, कारण तिथे राहणारा संन्यासीच उरला नव्हता. पाककृती तीच आणि भट्टी तीच असूनही नाव गेले.

याउलट 'ॲबी बिअर'. लेफच्या बाटलीवर १२४० हे साल मिरवते. त्या मठाने १९५२ मध्ये एका खाजगी ब्रुअरीशी नावाच्या वापराचा करार केला आणि आज ते नाव जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीकडे आहे. साल मठाच्या जुन्या भट्टीचे, बिअर कारखान्याची. चाकणमध्ये ज्यांचा दिवस सुट्या भागांच्या बॅच क्रमांकांत जातो, त्यांनी तरी लेबलावरचे साल आणि उत्पादनाचे साल यांतला फरक ओळखावा.

या पट्ट्यात जर्मन कंपन्यांचे वजन मोठे असल्याने दुसरे एक ब्रीद आदराने उच्चारले जाते : १५१६ चा बव्हेरियाचा शुद्धतेचा नियम. जव, हॉप्स आणि पाणी, बाकी काही नको. एकाच मैफलीत त्याचीही स्तुती होते आणि बेल्जियन एलचीही. पण बेल्जियन एलमध्ये साखर असते, आणि भरपूर असते! त्या नियमाने ट्रिपेल 'भेसळ' ठरेल. दोहोंवर एकाच श्वासात आरती ओवाळणाऱ्याने दोहोंपैकी एकही नीट चाखलेले नसते.

चाखण्याचा विषय निघालाच आहे, तर इतिहास जिभेवर कसा लागतो तेही पाहावे. गडद डुबेलमध्ये काकवी, मनुका, वाळलेले अंजीर यांची जी आठवण होते, ती मुख्यतः शिजवून काळ्या केलेल्या साखरेच्या पाकाची देणगी आहे. ट्रिपेलमधले पिकले केळे आणि लवंग यीस्टकडून येतात; उबदार तापमानात आंबवल्याने ते वास फुलतात. साखर पूर्ण आंबून जाते, म्हणून इतकी कडक असूनही ती जिभेवर जड बसत नाही. बाटलीत पुन्हा किण्वन होते, त्याचा गाळ तळाशी राहतो. ओतताना शेवटचा घोट बाटलीतच ठेवतात. ओर्व्हालची तऱ्हा आणखी वेगळी : त्यातले रानटी यीस्ट महिनोन्‌महिने काम करत राहते, म्हणून ताजी बाटली आणि जुनी बाटली ही दोन वेगळी पेये असतात. हे सारे बर्फासारख्या गार मगात ओतले की वास मरतो आणि उरते फक्त नशा. बारा-चौदा अंश तापमान, रुंद तोंडाचा पेला आणि घाई नसलेली संध्याकाळ, एवढे पुरते.

इथे 'स्ट्राँग' शब्दाचा स्थानिक अर्थ आडवा येतो. आपल्याकडे स्ट्राँग म्हणजे कमी पैशांत अधिक चढणारी साडेसहाशे मिलिलिटरची लागर. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांत स्ट्राँग बिअर पाच टक्क्यांच्या वर आणि आठ टक्क्यांच्या आत. म्हणजे पिंपरीतल्या एखाद्या हुन्नरी ब्रुअरने वेस्टमालेइतकी कडक ट्रिपेल बनवायची म्हटली, तर ती त्या व्याख्येत बसत नाही. बेल्जियमच्या कायद्याने कडक बिअरला वाट मोकळी झाली. आपल्या मानकाने तिला वरून झाकण घातले.

हजार वर्षांच्या दंतकथेने कोणाचे काय बिघडते, असा प्रश्न येथे विचारला जाईल. बिघडते ते असे. तीच मंडळी मोहाच्या दारूचा विषय निघाला की नाक मुरडतात. बेल्जियन संन्याशाचे किण्वन म्हणजे वारसा, आणि ठाणे-रायगडच्या डोंगरांतील वारली-कातकऱ्यांचे किण्वन म्हणजे गुन्हा, ही वर्गवारी चवीने केलेली नाही. ती वसाहती महसूल खात्याने केलेली आहे.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती मक्तेदारांच्या हाती एकवटली. त्यानेही भागेना, म्हणून १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांवरचा कायदा आला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. फूल बाळगण्यावर! जे झाड आदिवासींचे अन्नही होते, औषधही आणि देवाचा नैवेद्यही. दक्षिण गुजरातच्या संदर्भात डेव्हिड हार्डिमन यांनी 'रूढीपासून गुन्ह्यापर्यंत'चा हा प्रवास सविस्तर दाखवला आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहाच्या फुलांचे नियंत्रण उतरले. बेल्जियन मठांची भट्टी तुटली तेव्हा ती पुन्हा उभारायला पैसा, विद्यापीठ आणि न्यायालय उभे राहिले. मोहाच्या भट्टीसमोर उभा राहिला तो फौजदार.

याच काळात साहेबासाठी मात्र बिअरची सोय होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मीकिन कंपनीने ज्या छावण्यांजवळ ब्रुअरी काढल्या त्यांत कसौली, राणीखेत, दार्जिलिंग यांच्याबरोबर खडकीचेही नाव आहे. खडकी म्हणजे दापोडीच्या पुलापलीकडची. या पट्ट्याच्या अगदी उंबरठ्यावर गोऱ्या शिपायासाठी बिअर होत होती, आणि त्याच इलाख्यात फुले वेचणाऱ्या बाईची टोपली तपासली जात होती.

दुसऱ्या बाजूचा आक्षेपही ठाऊक आहे : देहू-आळंदीच्या कुशीत हे कसले कौतुक? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. महाराष्ट्रातील मद्यविरोधाला स्वतःचा विचारी इतिहास आहे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये महात्मा फुले यांनी दारूच्या दुकानांच्या वाढीला लेखी विरोध केला. १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधन झाले, त्याला टिळकांचा पाठिंबा होता. या दोघांचा रोख मुख्यतः गुत्त्यांवर आणि त्यांतून सरकारी तिजोरीत जाणाऱ्या पैशावर होता. मोहाचे फूल जप्त करणारे आणि गुत्त्याचा लिलाव करणारे खाते एकच होते. म्हणून फुले-टिळकांचे नाव घेऊन मोहाला शिव्या देणाऱ्यांनी त्या खात्याचा जमाखर्च आधी पाहावा.

'किण्वन ही आमची परंपराच नव्हे' असे म्हणणाऱ्यांसाठी कौटिल्याचे अर्थशास्त्र आहेच. त्यातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार घटकांच्या मापांसह दिले आहेत, आणि किण्व म्हणजे विरजण कसे करावे तेही. मात्र यावरून लगेच 'आमचीच तीन हजार वर्षांची क्राफ्ट बिअर' असे पोस्टर काढू नये. तो लेफच्या १२४० चाच देशी अवतार ठरेल.

त्यापेक्षा पिंपरीचा स्वतःचा, कागदोपत्री सिद्ध असलेला किण्वनाचा इतिहास हाताशी आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने. १९५५ पासून तिथल्या टाक्यांत बुरशी आंबवून पेनिसिलिन तयार होऊ लागले. शिमेत फादर थिओडोर यीस्टचा वाण निवडत होते त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी. साठच्या दशकाच्या आरंभी एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीविरोधी औषध शोधले. औषधाला कंपनीच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन हे नाव मिळाले, आणि त्या जीवाचे शास्त्रीय नाव ठरले स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना.

पुढच्या मैफलीत यजमानाने पेल्याशेजारच्या चिठ्ठीवर एवढे लिहिले तरी पुरे : वेस्टमाले ट्रिपेल, १९३४. ओर्व्हाल, १९३१ ची भट्टी. शिमेचे यीस्ट, १९४८. पिंपरीचे पेनिसिलिन, १९५५. आणि मोहाच्या फुलांवरचा कायदा, १८९२.