हिरो ठरला, दिग्दर्शक ठरला, लिहिणार कोण?

रविवारी सकाळी माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र बेंगळुरूत जालहळ्ळीला आमच्याकडे येतात. पोहे माझे, कॉफी कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलातली. फिल्टर कॉफी मला अठ्ठावीस वर्षांत जमलेली नाही, आणि आता जमवायची इच्छाही नाही. चौघांत भाचा मराठी, दोघे तमिळ, एक मंगळूरचा. हुद्दे मोठे, पगार त्याहून मोठे, आणि वाद असा घालतात की शेजारच्या काकू एकदा काय झालं म्हणून बघायला आल्या होत्या.

परवाचा विषय होता ‘एंदिरन’चा तिसरा भाग. हिंदीत ज्याला ‘रोबोट’ म्हणून आपण पाहिलं, तोच. दुसऱ्या भागाच्या, ‘२.०’च्या शेवटी एक चिमुकला यंत्रमानव दाखवून शंकर यांनी दार किलकिलं ठेवलंय, आणि तेवढ्या फटीतून ही चौघं गेली काही वर्षं आत डोकावतायत. शंकर नाही काढणार तर कोण? लोकेश कनगराज? प्रशांत नील? (‘नीलला दिला तर रोबोसुद्धा काजळीनं माखलेला असेल,’ इति मंगळूर.) यंत्रमानव चिट्टी झालेल्या रजनीकांतचा जन्म १९५०चा, मग आता चिट्टी कोण होणार? सूर्या, विजय सेतुपती, यश अशी नावं पोह्यांवर शेव पडावी तशी पडत होती. आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता ‘रिकामटेकडे’ एवढा एकच शब्द उच्चारला.

मला तसं वाटत नाही. ज्या शहरात कानडी नट डॉ. राजकुमार चाहत्यांना ‘अभिमानी देवरुगळु’, म्हणजे चाहतेदेव म्हणत, तिथे देवांनी थोडी ढवळाढवळ केली तर बिघडलं कुठे? शिवाय कोणता नट घेतला यावर सिनेमा कसा आमूलाग्र बदलतो, याचं याच मालिकेइतकं चांगलं उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

शंकर यांनी हा सिनेमा आधी कमल हासन आणि प्रीती झिंटाला घेऊन करायचं ठरवलं होतं. २००१च्या सुमाराला दोघांचे फोटोही काढले गेले होते. ते अजून फिरतात. पण तो बेत बारगळला. २००७मध्ये शाहरुख खानचं नाव जाहीर झालं, आणि त्याच वर्षी तो बाजूला झाला. २००८च्या जानेवारीत नाव आलं रजनीकांतचं. मी तेव्हा मल्लेश्वरममध्ये एका बँकेत होते. आमचा तमिळ कॅशिअर, रजनीचा पक्का भक्त, नोटा मोजता मोजता थांबला आणि म्हणाला, ‘सत्तावन्न वर्षांचा रोबो?’ भक्ताचीच श्रद्धा डळमळली म्हटल्यावर माझ्यासारखीनं काय बोलावं? मीही मान डोलावली.

१ ऑक्टोबर २०१०ला सिनेमा लागला. आदल्याच दिवशी अयोध्येचा निकाल आला होता आणि सगळीकडे धास्ती होती. पुढच्या रविवारी कॅशिअरच्या कुटुंबाबरोबर हलसूरकडच्या एका जुन्या टॉकीजमध्ये मी तो पाहिला. माझं तमिळ भाजीवालीपुरतं, त्यामुळे अर्धे संवाद डोक्यावरून गेले. पण उत्तरार्धात, डोक्यात लाल चिप बसवलेला बिघडलेला चिट्टी शास्त्रज्ञाला हुडकताना मेंढीसारखा ‘म्हेऽऽ’ करतो, तेव्हा आख्खं थिएटर खुर्च्यांवर उभं राहिलं. कॅशिअरची सत्तरीची आईसुद्धा. ती म्हणाली, ‘हा माझा जुना रजनी.’ मला अर्थ नंतर कळला. १९७६चा ‘मून्ड्रु मुडिच्चु’, १९७७चा ‘पदिनारु वयदिनिले’ या सिनेमांत रजनी खलनायक होता. मग तो देव झाला आणि देवाला तीस वर्षं दुष्टपणा करायला बंदी. यंत्राच्या निमित्तानं शंकर यांनी तो जुना नीच माणूस पुन्हा बाहेर काढला. कमल हासननं रोबो कदाचित अधिक बारकाईनं केला असता, शाहरुखनं त्याला प्रेमात पाडून रडवला असता. ‘म्हेऽऽ’ मात्र दोघांकडेही नव्हतं. आमचा, कॅशिअरचा आणि माझा, अंदाज चुकला, कारण आम्ही वय मोजत बसलो होतो.

गंमत म्हणजे शाहरुखनं पुढच्याच वर्षी स्वतःचा ‘रा.वन’ काढला, आणि त्यात रजनीकांत मिनिटभर येतो तो चिट्टी म्हणूनच.

बेंगळुरूत या सगळ्याला आणखी एक पदर आहे. रजनीकांत म्हणजे शिवाजीराव गायकवाड, घरी मराठी बोलणारा, हनुमंतनगरचा मुलगा, बेंगळुरूच्या बसमध्ये कंडक्टर. इथल्या मराठी मंडळींत सिनेमाचा विषय निघाला की कुणीतरी ‘अहो, गायकवाड ते!’ म्हणतंच. आणि सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला १०-ए नंबरच्या बसमध्ये त्याच्या हातून तिकीट मिळालेलं असतं. हे सगळं खरं धरलं तर त्या एका बसमध्ये अर्धं बेंगळुरू लोंबकळत होतं. कानडी शेजाऱ्यांची तक्रार निराळी: ‘आमच्या उपेंद्रनं २००२मध्येच “हॉलिवूड”मध्ये रोबो केला, तेव्हा कुणी विचारलं नाही.’ तक्रार रास्त आहे. त्यातही शास्त्रज्ञ, त्याच्यासारखाच दिसणारा यंत्रमानव आणि दोघांमध्ये एक मुलगी आहे.

असो. माझं दुखणं वेगळंच आहे. दीड तास या चौघांनी नट ठरवले, दिग्दर्शक ठरवला, संगीत अनिरुद्धचं की रहमानचं यावर एकजण रुसून गॅलरीत जाऊन बसला. मी विचारलं, ‘आणि लिहिणार कोण?’

चौघेही माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी सिनेमाचं पोस्टर कोण चिकटवणार ते विचारलं.

माझ्या घरापासून बीईएल सर्कल चालत दहा मिनिटांवर आहे. त्या बीईएलमध्ये, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये, एस. रंगराजन नावाचे इंजिनिअर होते. आपण ज्यावर बोट दाबून मत देतो, त्या यंत्राच्या रचनेच्या कामात ते पुढे होते. हाच माणूस ‘सुजाता’ या नावानं तमिळमध्ये लिहीत असे. जीनो नावाचा यांत्रिक कुत्रा त्यांचाच, आणि १९८६चा कमल हासनचा ‘विक्रम’ही त्यांच्याच लेखणीतला. ‘एंदिरन’च्या संवादांवर शंकर आणि मदन कार्कींच्या आधी नाव सुजातांचं आहे. निर्मिती सुरुवातीच्या टप्प्यात असताना, २७ फेब्रुवारी २००८ला, ते गेले. म्हणजे बघा: या मालिकेचा चेहरा हनुमंतनगरचा आणि बोली जालहळ्ळीच्या कारखान्यात अनेक वर्षं काढलेल्या माणसाची. चेहऱ्याची बस कोणती हे गावभर ठाऊक आहे. या दुसऱ्याचं नाव माझ्याकडे येणाऱ्या दोन तमिळ पोरांपैकी एकालाच माहीत होतं, तेही त्याचे वडील त्यांची पुस्तकं वाचायचे म्हणून.

‘२.०’मध्ये खलनायक कोण, यावर तर किती ऊत आला होता! २०१४मध्ये शंकर यांच्या ‘आय’च्या संगीत-प्रकाशनाला आर्नोल्ड श्वार्झनेगर चेन्नईत येऊन गेला, आणि त्याचं नाव पुढे बरेच दिवस घोळत राहिलं. शेवटी उभा राहिला पिसं लावलेला अक्षय कुमार. त्या गदारोळात संवाद जयमोहन यांच्याकडे गेले आहेत, ही बातमी किती जणांनी जिभेवर घोळवली? जयमोहन हे तमिळमधले मोठे साहित्यिक. पहिल्या भागातला चिट्टी हजरजबाबी आहे, दुसऱ्यात निम्मा वेळ पक्ष्यांचं आणि मोबाइल मनोऱ्यांचं दुःख आहे. लिहिणारा बदलला की यंत्राचा स्वभाव बदलतो. नट तोच, दिग्दर्शक तोच, नायकाचं नावही तेच असूनही.

परदेशात हा खेळ जरा वेगळा चालतो, असं मला वाटतं. ‘ड्यून’ची कादंबरी १९६५ची. फ्रँक हर्बर्टचं ते जाडजूड पुस्तक हातात धरून तिकडचे चाहते भांडतात. दिग्दर्शक जोडोरोव्स्कीनं १९७०च्या दशकात साल्वादोर दालीला सम्राट करायचं ठरवलं होतं; तो सिनेमा झालाच नाही, तरी त्यावर अजून बोललं जातं. मग १९८४चा डेव्हिड लिंचचा, २०२१चा व्हिलनव्हचा. वाद तावातावाचाच असतो, पण मध्ये ते पुस्तक आहे. हा नायक पॉल पुस्तकातला वाटतो की नाही, असं विचारता येतं. आपल्याकडे मध्ये काहीच नसतं. असते ती नटाची मागच्या सिनेमाची कमाई. म्हणून आपले अंदाज लिलावासारखे ऐकू येतात.

आणि मराठीनं तर इथे मान खाली घालावी. आपल्याकडे पुस्तक आहे! खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. तिकडे तमिळमध्ये रंगराजन यांनी बायकोचंच नाव घेतलं होतं. एकानं बायकोचं नाव, दुसऱ्यानं बायकोचं अक्षर. आपल्या विज्ञानकथेला असं पदराआडून का बाहेर यावं लागलं, हा एक स्वतंत्र लेख होईल.

तर मी म्हणते ते पुस्तक म्हणजे नारळीकरांची कादंबरी ‘वामन परत न आला’. जमिनीखाली सापडलेला एका लुप्त संस्कृतीचा ठेवा, त्यातल्या ज्ञानावर बनवलेला यंत्रमानव, आणि त्या यंत्रमानवाला स्वतःसारखे आणखी यंत्रमानव घडवायची लागलेली ओढ. चिट्टीच्या शेकडो प्रती पडद्यावर एकमेकांना चिकटून गोळा होताना पाहिल्या तेव्हा मला हीच कादंबरी आठवली, आणि ती तर त्याच्या कितीतरी वर्षं आधीची. नारळीकर २० मे २०२५ला गेले. त्या आठवड्यात हळहळ खूप झाली. पण ‘वामन’ कुणी करावा, कुणाला घ्यावं, यावर दोन माणसं कट्ट्यावर हातघाईवर आल्याचं मी तरी ऐकलं नाही. मराठीत विज्ञानपट कुणी करतच नाही असं नाही. सुजय डहाकेंचा ‘फुंतरू’ २०१६मध्ये येऊन गेला. तो किती जणांनी पाहिला हे विचारत नाही, उगाच खजील व्हायला होतं.

तर परवा मीच चौघांना ‘वामन’ची गोष्ट सांगितली. कणीक मळता मळता, शेवट न सांगता. पाच मिनिटं कुणी मोबाइलला हात लावला नाही. मग सुरू झाले. भाचा म्हणाला, शास्त्रज्ञ गिरीश कुलकर्णी. तमिळ पोरगा म्हणाला, यंत्रमानवाला चेहराच देऊ नका, नुसता आवाज द्या, म्हणजे नटाचं भांडणच नको. मंगळूरनं विचारलं, आवाज कुणाचा, आणि भांडण पुन्हा जिथल्या तिथे आलं. पण या वेळी ते वेगळं होतं. ‘तो हुशार आहे की धूर्त?’ असं एकानं मला विचारलं. इतक्या रविवारांत चिट्टीबद्दल असा प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही. ह्यांनीसुद्धा पेपर खाली ठेवला आणि दिग्दर्शक म्हणून एक नाव सुचवलं, ते सगळ्यांनी एकमतानं फेटाळलं.

शेवटी भाचा म्हणाला, ‘मावशी, पुस्तक दे, वाचतो.’ कपाट धुंडाळलं. माझी प्रत मी बँकेत असताना मल्लेश्वरमच्या एका बाईंनी वाचायला म्हणून नेली होती. त्या आता म्हैसूरला असतात. मी फोन केला तर म्हणाल्या, ‘अगं, ती मी तुला कधीच दिली.’