रुग्णाचे गुपित आणि आपला संगणक

रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर फुटू देऊ नयेत, असा उपदेश चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात शिष्याला केलेला आहे. केसपेपर आपल्याच कपाटात राहत होता, तोवर हा दंडक पाळणे सोपे होते. आज रुग्ण जिभेचे छायाचित्र व रक्ताचा अहवाल मोबाईलवर पाठवितो. औषधालयाच्या संगणकात त्याचे नाव, पत्ता व व्याधी नोंदली जाते.

आपल्या मुळशी तालुक्यातच हिंजवडीचे आयटी पार्क आहे. तेव्हा माहितीचे मोल आपणांस परक्याने सांगावयास नको. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. गेलेला पैसा पुन्हा मिळविता येईल. फुटलेले गुपित परत येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. हा कायदा केवळ बड्या कंपन्यांसाठी आहे, असे समजणे चूक ठरेल.

आमचे स्पष्ट मत आहे, की सॉफ्टवेअर फुकट मिळाले तरी रुग्णांची माहिती कोठे साठते, हे कंपनीला आधी विचारावे. रुग्णाच्या संमतीविना त्याचे छायाचित्र जाहिरातीत वापरू नये. काम संपलेली छायाचित्रे मोबाईलमधून काढून टाकावीत. दंडाच्या भयाने नव्हे, तर रुग्ण विश्वासाने आपल्यापुढे हात धरतो, म्हणून.