२१४ दिवस आणि तिसरं पान

गेल्या वर्षी मी सलग २१४ दिवस रोज एक स्केच काढलं आणि रात्री बाराच्या आत इन्स्टाग्रामवर टाकलं. चहाचा ग्लास, खिडकीतलं मांजर, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली कंपनीची बस, माझाच डावा हात (हा अकरा वेळा, कारण तो कायम हजर असतो). खाली कॉमेंट यायच्या, 'भावा, काय सातत्य आहे तुझं!'

या २१४ दिवसांत माझं कॉमिक तिसऱ्या पानावरून हललं नाही.

म्हणून आता स्पष्टच बोलतो. 'रोज एक स्केच काढा, खंड पडू देऊ नका' हा सल्ला कॉमिक काढू पाहणाऱ्या हौशी माणसाच्या मुळावर येतो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, मान्य. पण चांगल्या हेतूने दिलेलं चुकीचं औषधही चुकीचंच असतं.

कॉमिक आहे बारा पानांचं. माझे आजोबा एसटीत कंडक्टर होते. मुक्कामी गाडी घेऊन घाटातल्या गावात जायचे, रात्री तिथेच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी परत आणायचे. अशा एका रात्रीची ही गोष्ट. दुसऱ्या पानावर आजोबा समोरून दिसतात, खाकी कपडे, खांद्याला चामड्याची बॅग. ते जमलं. तिसऱ्या पानावर ते गर्दीतून वाट काढत मागच्या सीटकडे जातात. म्हणजे पाठमोरे, जरा वाकलेले, एका हाताने वरचा दांडा धरलेला, दुसऱ्या हातात तिकिटांची पेटी. आणि तरीही ते दुसऱ्या पानावरचेच आजोबा वाटले पाहिजेत. इथे घोडं अडलं. कारण मला वाकलेला माणूस पाठीमागून काढता येत नाही, आणि तोच माणूस दुसऱ्यांदा काढता येत नाही.

कॉमिकची खरी मेहनत इथेच असते. चेहरा एकदा छान काढणं अनेकांना जमतं. तोच चेहरा खालून, वरून, अंधारात, हसताना, जांभई देताना चाळीस वेळा काढायचा आणि वाचणाऱ्याला एकदाही 'हा कोण?' असं वाटू द्यायचं नाही, हे काम कंटाळवाणं आहे. त्यातलं एकही चित्र पोस्ट करण्यासारखं नसतं. सदतीस पाठी काढून त्यावर कोण लाइक देणार?

आणि रात्री ११:४० ला, स्टँडअप, रिलीज आणि सिंहगड रोड उरकून आलेला माणूस स्ट्रीक वाचवायला काय काढेल? पाठ? छे! तो डावा हात काढेल. स्ट्रीक तुम्हाला रोज काढायला लावते हे खरं, पण रोज तेच काढायला लावते जे तुम्हाला आधीच येतं. आमच्या धंद्यात हे जुनं आहे. गिटहबच्या प्रोफाइलवर हिरवे चौकोन भरावेत म्हणून रीडमीमध्ये रोज एक स्वल्पविराम घालणारी माणसं मी पाहिली आहेत. प्रोफाइल हिरवंगार, प्रॉडक्ट जागच्या जागी.

'ॲटॉमिक हॅबिट्स' वाचून आलेले मित्र मला तो हिशोब सांगतात : रोज १ टक्का सुधारलात तर वर्षात सदतीस पट. गणित बरोबर आहे, मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलंय. पण चक्रवाढ व्याज मिळायला पैसे एकाच खात्यात ठेवावे लागतात. मी रोज नवीन खातं उघडत होतो. सोमवारी मांजराचं, मंगळवारी चहाचं. सगळ्यांत शिल्लक पाच-पाच रुपये.

इंकटोबरचंही तेच झालंय. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने २००९ मध्ये तो सुरू केला तो स्वतःचं शाईकाम सुधारावं म्हणून. एक नेमकी उणीव, एक महिना. आपण त्यातून उचललं काय, तर ३१ शब्द आणि ३१ सुटी चित्रं. नोव्हेंबरात हातात काय उरतं? एक ड्रॅगन, एक मशरूम आणि दुखणारं मनगट.

'अरे पण नाहीतर माणूस काहीच काढणार नाही,' असं म्हणणारे भेटतात. त्यांचं थोडं बरोबर आहे. पहिला महिना-दीड महिना स्ट्रीकने मला वही उघडायला लावलं, हे नाकारत नाही. पण चालायला शिकल्यावर पांगुळगाडा सोडतात. तो घेऊन कोणी कळसूबाई चढत नाही.

दुसरे म्हणतात, 'हौस आहे ना? मग एवढं सिरियस कशाला?' हे मला जास्त झोंबतं. हौस म्हणजे टाइमपास, हे कोणी ठरवलं? आपल्याकडे हौशी नाटकवाले आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी ही माणसं दिवसभर बँकेत, शाळेत, कारखान्यात राबतात आणि संध्याकाळी कुठल्यातरी हॉलमध्ये तोच प्रवेश साठाव्यांदा करतात. रोज एक नवीन नाटुकलं करून खंड पडू देत नाहीत, असं नाही. त्यांच्याकडे तालीम असते, प्रयोगाची तारीख असते आणि 'पुन्हा घे' म्हणणारा दिग्दर्शक असतो. एखाद्या दिवशी तालीम बुडाली तर दुसऱ्या दिवशी आकडा शून्यावर येत नाही. दुसरा अंक बसलाय की नाही, एवढंच विचारलं जातं.

वसंत सरवटे सिव्हिल इंजिनिअर होते, सिमेंट कंपनीत नोकरी करत. ती सांभाळून त्यांनी 'ललित'साठी, दिवाळी अंकांसाठी, पुलंच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. जयवंत दळवींच्या ठणठणपाळाला चेहरा दिला तोही त्यांनीच. त्यांच्यापुढे अंक छापायला जायची तारीख असायची आणि चित्राची वाट पाहणारा संपादक. आपल्यापुढे काय आहे? रात्री बारा वाजता शून्य दाखवायची धमकी देणारा एक आकडा.

२१५ व्या दिवशी मी काही टाकलं नाही. मुद्दाम नव्हे, ताप होता. दुसऱ्या दिवशी कोणी विचारलंही नाही. तेव्हा पहिल्यांदा राग आला, मग हसू.

आता आठवड्यातून तीन संध्याकाळी बसतो, प्रत्येकी तासभर. पोस्ट करत नाही. दिवस मोजत नाही, पाठी मोजतो. आत्तापर्यंत १६२ झाल्यात, त्यातल्या शंभरेक बटाट्याच्या पोत्यासारख्या. एका मित्राने दिवाळीसाठी वीस प्रतींची झेरॉक्स पुस्तिका काढायचं ठरवलंय, त्यात माझी चार पानं धरली आहेत, आणि तो दर रविवारी फोन करून शिव्या घालतो.

मागच्या महिन्यात तिसरं पान पूर्ण करून आजोबांना दाखवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते सगळं फार बारकाईने बघतात. बराच वेळ पान डोळ्यांजवळ धरून म्हणाले, ''माणूस मीच आहे. पण बॅग चुकलीय. एवढ्या गर्दीत ती कुणी पाठीमागे सोडतं का? पुढे, पोटाशी धरायची. पैसे असतात त्यात.''

म्हणजे सगळ्या पाठी पुन्हा, बॅग पुढे घेऊन.