तुटलेले अक्षर

परीक्षेच्या निकालाची किंवा शिधापत्रिकाधारकांची यादी ब्राउझरमध्ये उघडली, की ती एकसंध आली असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः जाळ्यावरून माहिती लहान लहान तुकड्यांनी येते. एखादा तुकडा चटकन पोहोचतो, एखादा वाटेत रेंगाळतो. पूर्वी ब्राउझरमध्ये चालणारे बहुतेक प्रोग्राम सारे तुकडे गोळा होईपर्यंत थांबत आणि मग मजकूर पडद्यावर मांडत. आता तसे थांबण्याचे कारण उरलेले नाही. ‘फेच’ या सोयीने मागवलेले उत्तर क्रोममध्ये २०१५ पासून आणि फायरफॉक्समध्ये २०१९ पासून, येईल तसे वाचता येते. प्रोग्राम त्या प्रवाहावर एक ‘रीडर’ नेमतो. तो एकेक तुकडा मागत राहतो आणि प्रवाह संपल्याची खूण मिळताच थांबतो. ज्याच्या गावी जाळे संथ चालते, त्याला याचा लाभ मोठा. कळशी भरेपर्यंत तहानलेल्याला ताटकळत ठेवू नये, हे कोणीही मान्य करील.

मात्र या सोयीत एक खाच आहे, आणि ती भारतीय भाषांच्या वाट्यालाच अधिक येते. हाती येणारे तुकडे अक्षरांचे नसतात, बाइटचे असतात. अक्षरांचे बाइट करण्याची आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ मध्ये आखली. तीत साधे इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हास, मग ते व्यंजन असो, मात्रा असो वा पाय मोडण्याची खूण, तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट होतात. जाळ्याला लिपी ठाऊक नसते. ‘ठ’चे दोन बाइट या तुकड्यात आणि तिसरा पुढच्या तुकड्यात, असे सहज घडते. प्रत्येक तुकडा सुटासुटा उलगडला, तर ‘ठ’च्या जागी प्रश्नचिन्ह असलेली काळी चौकट उमटते आणि ती पुढे दुरुस्त होत नाही.

उपाय अवघड नाही. ब्राउझरमधील ‘टेक्स्टडिकोडर’ हे साधन दर तुकड्यास नवे न घेता एकच ठेवावे आणि त्याचा ‘स्ट्रीम’ हा पर्याय चालू करावा. मग अपुरे बाइट ते स्वतःजवळ राखून ठेवते आणि पुढचा तुकडा येताच अक्षर पुरे करते. एवढी साधी गोष्ट राहून का जाते? प्रोग्राम इंग्रजी मजकुरावर तपासला जातो म्हणून. तेथे तुटण्यासारखे अक्षरच नसते. मराठीतही छोटा मजकूर बहुधा एकाच तुकड्यात येतो, त्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्यास दोष दिसत नाही. तो दिसतो लांबलचक यादीत, कोणाच्या तरी नावात. तक्रार केली, तर ‘तुमच्या संगणकात मराठी फॉन्ट नसेल’ असे सांगितले जाते. हे उत्तर आळसाचे आहे. फॉन्ट नसता, तर सगळीच अक्षरे बिघडली असती. हजार नावांत एखादेच अक्षर बिघडले, तर ते वाटेत तुटले असण्याचीच शक्यता अधिक.

यात यूटीएफ-८ला दोष देणे अन्यायाचे ठरेल. तिच्या रचनेत अक्षराचा पहिला बाइट वेगळा ओळखता येतो, म्हणूनच एक अक्षर बिघडले तरी पुढची सुखरूप राहतात. दोष तपासणीचा आहे. मराठी लोकांसाठी केलेला प्रोग्राम मराठी मजकुरावरच तपासला पाहिजे, आणि तोही मुद्दाम एकेका बाइटचे तुकडे करून. ‘ज्ञानेश्वर’ या नावाचे ३० बाइट असे एकामागून एक पाठवावेत. पडद्यावर नाव शाबूत उमटले, तरच तो प्रोग्राम लोकांच्या हाती द्यावा.